थांबू शकणारा गिऱ्हाईक, न थांबणारी चूल : ऱ्होड आयलंडच्या नौकाबांधणीचा इतिहास

आलिशान नौका, म्हणजे ज्याला आज सगळीकडे 'यॉट' म्हणतात, तिचा इतिहास सांगायला बसलं की गोष्ट सहसा मालकाची होते. कोणत्या राजाची, कोणत्या बँकरची, किती फूट लांब, आत काय काय. आज आपण जरा उलट बाजूला उभं राहून बघणार आहोत. ही नौका ज्या गावात बांधली जाते, त्या गावाचा इतिहास काय? हा धंदा चालतो कसा, आणि बुडतो तेव्हा कोण बुडतं?

त्यासाठी आपण एकच प्रदेश घेऊ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं ऱ्होड आयलंड. अमेरिकेतलं हे सगळ्यांत लहान राज्य. लोकवस्ती जेमतेम दहा लाख. पण राज्याच्या मधोमध नॅरागॅन्सेटचा उपसागर आत शिरलेला आहे, आणि त्याच्या काठाला ब्रिस्टल, वॉरन, पोर्ट्समथ, न्यूपोर्ट ही छोटी गावं. या राज्याच्या इतिहासात १ जानेवारी १९९१ ही तारीख दोन कारणांनी महत्त्वाची. त्या दिवशी नवे गव्हर्नर ब्रूस संडलन यांनी सूत्रं हातात घेतली, आणि घेतल्या घेतल्या राज्यातल्या ४५ बँका आणि पतसंस्था बंद करण्याचा आदेश दिला, कारण त्यांच्या ठेवींचा विमा उतरवणारी खासगी संस्थाच कोसळली होती. आणि त्याच दिवसापासून वॉशिंग्टनहून आलेला एक नवा कर लागू झाला. एक लाख डॉलरपेक्षा महाग बोटीवरचा चैनकर. आपलं आजचं व्याख्यान मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. पण पहिली गोष्ट मनात असू द्या, पुढे तिची गरज लागेल.

आधी थोडं मागे जाऊ. ब्रिस्टलमध्ये १८७८ साली दोन भावांनी हेरेशॉफ मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. थोरला जॉन ब्राउन हेरेशॉफ. किशोरवयातच त्याची दृष्टी गेलेली. धाकटा नॅथॅनिएल हा शिकलेला अभियंता, वाफेच्या इंजिनांच्या कारखान्यात काम केलेला. थोरला व्यवहार बघायचा, धाकटा आराखडे करायचा. आराखडे म्हणजे तरी काय, आधी लाकडाची अर्धी प्रतिकृती कोरायची. नौकेचा उभा अर्धा भाग. ती हातात घेऊन तिच्या वळणावरून बोटं फिरवायची, पटली की त्यावरून मापं काढायची. आंधळ्या भावालाही ती हातानं 'दिसायची'.

या कारखान्यानं केलं काय, तर अमेरिकाज कप नावाची जी जगप्रसिद्ध शर्यत आहे, तिच्यात १८९३ पासून १९३४ पर्यंत अमेरिकेनं आठ वेळा कप राखला, आणि आठही वेळा जिंकणारी नौका याच गावात बांधलेली होती. त्यातली १९०३ ची 'रिलायन्स' ही तर अवाढव्य. न्यूयॉर्कच्या धनिकांनी वर्गणी काढून ती बांधून घेतली, ती शर्यत जिंकली, आणि दहा वर्षांत, १९१३ साली, तिचा सांगाडा भंगारात गेला. एका मोसमासाठी बांधलेली वस्तू! मालकांच्या दृष्टीनं त्यात वावगं काही नव्हतं. बांधणाऱ्यांच्या दृष्टीनं मात्र एक प्रश्न कायमचा होता : या मोसमानंतर पुढचं काम कुठून?

हेरेशॉफ बंधूंनी त्याचं उत्तर सुरुवातीपासून शोधून ठेवलं होतं. श्रीमंतांच्या नौकांसोबत ते आरमाराचीही कामं घेत. अमेरिकी नौदलाची पहिली टॉर्पेडो-बोट 'कुशिंग' ही ब्रिस्टलचीच, १८९० सालची. म्हणजे एक पाय चैनीत आणि एक पाय सरकारी कामात. चैनीचा पाय लटपटला की दुसऱ्यावर भार द्यायचा. नौकाबांधणीच्या इतिहासात जे कारखाने टिकले, त्यातल्या बऱ्याच जणांची हीच रीत दिसते. जर्मनीतली ल्युर्सेन ही कंपनी दीर्घकाळ आलिशान यॉट आणि युद्धनौका या दोन्हीसाठी ओळखली जात होती.

पण जॉन १९१५ साली गेला, आणि १९२४ मध्ये कारखाना लिलावात निघाला. हॅफेनरेफर कुटुंबानं तो घेतला आणि चालवला. १९३० आणि १९३४ च्या कपविजेत्या नौका याच काळातल्या. मात्र १९३७ ची विजेती 'रेंजर' मेन राज्यात बांधली गेली, ब्रिस्टलची मालिका तिथे तुटली. दुसऱ्या महायुद्धात कारखान्याला आरमाराची कामं मिळाली. युद्ध संपलं, कामं संपली, आणि १९४५ मध्ये कारखानाही संपला.

इथे कुणालाही वाटेल की ब्रिस्टलची गोष्ट आटोपली. पण तसं झालं नाही, कारण मधल्या काळात एक नवा पदार्थ आला होता. फायबरग्लास. काचेच्या तंतूंचं कापड साच्यात पसरायचं, त्यावर रेझिन म्हणजे रासायनिक राळ चोपडायची, थरावर थर चढवायचे, आणि घट्ट झालं की नौकेचं कवच साच्यातून उचलून काढायचं. लाकडी नौकेला कसबी सुतार लागत, महिनोन्‌महिने लागत. इथे खरी मेहनत आणि खर्च साच्यात. एकदा साचा तयार झाला की त्यातून एकसारखी कवचं निघत राहतात.

क्लिंटन आणि एव्हरेट पिअर्सन या चुलतभावांनी हे तंत्र उचललं. जानेवारी १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या बोट-प्रदर्शनात त्यांनी 'ट्रायटन' नावाची २८ फुटी शिडाची नौका मांडली. किंमत दहा हजार डॉलरच्या आत. एखादा डॉक्टर, एखादा शाळेचा मुख्याध्यापक कर्ज काढून घेऊ शकेल अशी. मागणी इतकी आली की जागा पुरेना, आणि मग पिअर्सन बंधूंनी जागा घेतली ती कुठली? हेरेशॉफचा जुना कारखाना! ज्या आवारात धनिकांच्या एकेका नौकेसाठी लाकूड कोरलं जायचं, तिथे आता साच्यातून निघालेल्या बोटी रांगेनं उभ्या राहू लागल्या. एकट्या ट्रायटनच्या सातशेहून अधिक बोटी निघाल्या. पुढे विमानं बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीनं पिअर्सनचा ताबा घेतला आणि काम जवळच्या पोर्ट्समथला गेलं. त्या उपसागराच्या काठी, नि बाहेरही, असे कारखाने उगवले. नॉर्थ कॅरोलायनात हॅटरस, न्यू जर्सीत हीली बंधूंची वायकिंग.

आता या यशातच एक मेख होती, ती नीट समजून घेऊ. लाकडाची नौका कुजते, तिला कीड लागते. वीस-तीस वर्षांनी तिची दुरुस्ती नव्या नौकेच्या किमतीला भिडते, म्हणून नवी घ्यावी लागते. फायबरग्लासचं कवच कुजत नाही. १९६० च्या दशकातल्या कितीतरी ट्रायटन आजही पाण्यात आहेत. म्हणजे कारखान्यातून निघणारी प्रत्येक बोट ही पुढच्या काळातली कारखान्याचीच स्पर्धक! दरवर्षी जुन्या बोटींचा साठा वाढत जातो, आणि नवी बोट घेणाऱ्यासमोर कायम एक पर्याय असतो : नवी कशाला, तीच पाच वर्षं वापरलेली अर्ध्या पैशात मिळते की.

जोवर हातात पैसा खुळखुळत होता तोवर ही मेख दिसली नाही. १९८० च्या दशकात शेअर बाजार चढत होता, बँका बोटींसाठी सढळ कर्ज देत होत्या. १९८६ च्या करसुधारणेनंतरही एक सवलत शाबूत राहिली. बोटीत झोपायची सोय, स्वयंपाकाची जागा आणि संडास असेल तर ती 'दुसरं घर' धरता येई, आणि त्या कर्जाच्या व्याजावर करसवलत मिळे. म्हणजे सरकारच एका हातानं यॉट घ्यायला मदत करत होतं. दुसरा हात यायचा होता.

१९९० साली अमेरिकेची अंदाजपत्रकी तूट भडकलेली होती. राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश रिपब्लिकन पक्षाचे, संसद डेमोक्रॅटिक पक्षाच्या हाती. महिनोन्‌महिने ओढाताण झाली आणि नोव्हेंबर १९९० मध्ये तडजोडीचा कायदा झाला. तूट भरायची तर सामान्यांवर बोजा येणार, मग श्रीमंतांनीही काही उचललं पाहिजे, हा विचार त्यात होता. त्यातून पाच वस्तूंवर दहा टक्के चैनकर बसला : ३० हजार डॉलरवरच्या मोटारी, १ लाखावरच्या बोटी, अडीच लाखांवरची खासगी विमानं, १० हजारांवरचे दागिने आणि १० हजारांवरचे फरचे कोट.

कर पूर्ण किमतीवर नव्हता, मर्यादेच्या वरच्या भागावर होता. अडीच लाखांची बोट घेतली तर वरच्या दीड लाखावर दहा टक्के, म्हणजे १५ हजार. दहा लाखांची घेतली तर ९० हजार. आणि अत्यंत महत्त्वाचं म्हणजे, कर फक्त नव्या वस्तूच्या पहिल्या विक्रीवर. जुन्या बोटीवर शून्य.

आता मघाची मेख आठवा. तीस वर्षांचा न कुजणारा साठा बाजारात उभा आहे, त्याला कर नाही. आणि ज्याला नवीच बोट हवी आहे त्यालासुद्धा ती आजच हवी आहे असं काही नाही. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायला त्याचं काय जातं? मंडळी, आपल्याकडे एखाद्यानं पैठणी यंदा नको, पुढच्या लग्नसराईत घेऊ म्हटलं, तर त्याच्या घरात काही अडत नाही. येवल्यातल्या विणकराची चूल मात्र पुढच्या लग्नसराईपर्यंत थांबत नाही. इथेही तेच झालं. गिऱ्हाईक थांबलं.

आणि कारखाने? पिअर्सन १९९१ मध्ये बंद पडली. न्यू जर्सीतल्या वायकिंगनं बहुतेक कामगारांना घरी पाठवलं, मालकांनी स्वतःचा पैसा ओतून कंपनीची धुगधुगी कशीबशी जिवंत ठेवली. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या ते कोण होते? साच्यात राळ चोपडणारे, आतलं लाकूडकाम करणारे, वायरिंग करणारे, शिडं शिवणारे. यातल्या कुणाच्या मालकीची यॉट नव्हती. सर्वांत जास्त उद्धृत होणारा आकडा ७,६०० नोकऱ्यांचा. तो अमेरिकी संसदेच्या संयुक्त अर्थ समितीकडून आलेला अंदाज आहे, शिरगणती नव्हे.

इथे इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपल्याला जरा थबकायला हवं. कारण ही गोष्ट पुढे फार सोपी करून सांगितली गेली. 'श्रीमंतांवर कर लावला आणि गरीब मेले' अशा एका वाक्यात. पण खरं काय काय चाललं होतं बघा. अमेरिकेत जुलै १९९० पासून मंदी सुरू झालेली होती, म्हणजे कर येण्याआधीच. ऑगस्टमध्ये इराक कुवेतमध्ये घुसला, तेल भडकलं. १९८७ च्या शेअर बाजाराच्या पडझडीचा धसका होताच. न्यू इंग्लंड भागात जमीनजुमल्याचे भाव कोसळले, बँकांनी हात आखडले. आणि ऱ्होड आयलंडमध्ये तर, मघाशी सांगितलं ती गोष्ट, त्याच १ जानेवारीला ४५ बँका-पतसंस्थांची दारं बंद झाली होती. अशा वेळी पिअर्सनसारख्या कंपनीचा मृत्यू एकट्या कराच्या माथी मारणं धाडसाचं ठरेल. आधीच आजारी माणसाला पावसात उभं केलं, असं म्हणणं जास्त बरोबर.

मग कराचा वाटा ओळखायचा कसा? एक तुलना उपयोगी पडते. तोच दहा टक्क्यांचा कर मोटारींवरही होता. महाग मोटारींचा धंदा त्यानं बोटींसारखा झोपला नाही. फरक कशात? मोटार रोज लागते, ती फार काळ पुढे ढकलता येत नाही, आणि जुनी मोटार झिजते. शिवाय महाग मोटारी बनवणाऱ्या कंपन्या मोठ्या, अनेक देशांत विकणाऱ्या. एका देशात एक वर्ष विक्री कमी झाली तर त्या झळ सोसू शकतात. बोटीचा कारखाना म्हणजे एका गावातली एक शेड, आणि तिचं गिऱ्हाईक म्हणजे वर्षाला मोजके लोक.

कायद्यात लिहिलेलं असतं की कर अमुकानं भरावा. प्रत्यक्षात तो कुणावर पडतो हे कायदा ठरवत नाही. ज्याला दुसरी वाट आहे तो बाजूला होतो, ज्याला वाट नाही त्याच्या अंगावर तो येतो. अर्थशास्त्रात याला करभाराचा प्रश्न म्हणतात, आणि ग्रेगरी मॅन्क्यू यांच्या जगभर शिकवल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकात याच चैनकराचं उदाहरण दिलेलं आहे. पण पाठ्यपुस्तकात येते ती मागणी-पुरवठ्याची आकृती. ब्रिस्टल-पोर्ट्समथचा इतिहास पाहिला तर हेही दिसतं की गिऱ्हाइकाची ती 'दुसरी वाट', म्हणजे जुन्या बोटींचा साठा, ही त्याच कारागिरांनी आधीच्या तीस वर्षांत आपल्या हातांनी तयार केली होती. चांगलं, टिकाऊ काम केलं, ते असं उलटलं.

कराविरुद्ध ओरड झाली. तिच्यात एक चमत्कारिक युती होती. कारखान्यांचे मालक, बोटींचे विक्रेते आणि कामावरून गेलेले कामगार एकत्र. राजकीयदृष्ट्या कामगारांचं दुःख फार प्रभावी ठरलं, कारण यॉट घेणाऱ्यासाठी कोण रडणार? ऑगस्ट १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या काळातल्या अंदाजपत्रकी कायद्यानं बोटी, विमानं, दागिने आणि फर यांवरचा चैनकर रद्द झाला, तोही त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मागे जाऊन. मोटारींवरचा राहिला आणि हळूहळू कमी होत २००२ अखेर संपला. ऱ्होड आयलंडनं आणखी एक पाऊल टाकलं. त्याच १९९३ मध्ये राज्यानं बोटींवरचा आपला विक्रीकरच उठवला.

म्हणजे न्याय झाला का? कर गेला, गिऱ्हाईक परत आलं. पण बंद झालेली शेड आपोआप उघडत नाही. पांगलेला कारागीर दोन वर्षांत दुसऱ्या धंद्याला लागलेला असतो. आणि ज्या मूळ हेतूनं कर लावला होता, की तूट भरताना श्रीमंतांनीही वाटा उचलावा, तो हेतू काही चुकीचा नव्हता. निवडलेलं साधन चुकलं. हे दोन्ही एकदम लक्षात ठेवणं कठीण जातं, म्हणून लोक त्यातलं सोयीचं अर्धं उचलतात.

त्या काठावरच्या कसबाचं पुढे काय झालं, तेही बघण्यासारखं आहे. एव्हरेट पिअर्सन यांनी ग्रुमनमधून बाहेर पडून वॉरन गावात नवी कंपनी उभी केली होती, टिलटसन-पिअर्सन. 'जे-२४' ही जगभर पसरलेली शर्यतीची छोटी नौका तिनं बांधली. पुढे याच कंपनीतून टीपीआय कंपोझिट्स निघाली, आणि तिचा मुख्य धंदा झाला पवनचक्क्यांची पाती. लांब, हलकं, ताकदवान, साच्यात घडवलेलं फायबरग्लासचं पातं. विचार केला तर ते नौकेच्या कवचाचंच भावंड. हेरेशॉफनं जो दुसरा पाय आरमारात रोवला होता, तो यांनी वाऱ्यात रोवला. अर्थात दुसरा पायही कायमचा भक्कम नसतो. पवनऊर्जेच्या धंद्यातल्या ओढाताणीत २०२५ मध्ये टीपीआयनं दिवाळखोरी-संरक्षण मागितलं.

दरम्यान मोठ्या यॉटची बांधणी मुख्यतः युरोपात एकवटली : इटली, नेदरलँड्स, जर्मनी, आणि जोडीला तुर्कस्तान. तिथे काम बहुधा टप्प्याटप्प्यानं पैसे घेऊन चालतं. करार झाला की हप्ता, सांगाडा उभा राहिला की हप्ता, पाण्यात उतरली की हप्ता. गिऱ्हाइकाला मधेच थांबणं महाग पडावं, ही त्यातली युक्ती. तरी २००८ च्या आर्थिक पेचात गिऱ्हाईक थांबलंच. इटलीची फेरेत्ती कर्जात रुतली आणि २०१२ मध्ये चीनच्या वेईचाई उद्योगसमूहानं तिचा ७५ टक्के हिस्सा घेतला. पुढच्याच वर्षी इंग्लंडची सनसीकर चीनच्या वांडा समूहाकडे गेली. ज्याच्याकडे थांबण्याइतकं भांडवल, त्याच्याकडे कारखाना, हा नियम ब्रिस्टलच्या १९२४ च्या लिलावापासून चालत आलेला आहे.

आणि २०२२ मध्ये, रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यावर, पाश्चात्त्य निर्बंधांनी रशियन धनिकांच्या यॉट अडकवल्या. 'दिलबर' हॅम्बुर्गच्या गोदीत, 'शेहेराझाद' इटलीच्या मरीना दी कारारात. निर्बंधांचा रोख मालकावर, आणि तो योग्यही असेल. पण अडकलेल्या नौकेवरच्या खलाशांचे पगार, गोदीचं भाडं, देखभाल, हा प्रश्न लगेच उभा राहिला. पुन्हा तोच : बाण वर सोडला जातो, आणि तो कुठे उतरेल हे सोडणाऱ्याच्या हातात राहत नाही.

आपल्याकडेही हा विषय अगदी परका नाही. २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आला तेव्हा चैनीच्या यॉटवर २८ टक्के आणि वर ३ टक्के अधिभार होता. सप्टेंबर २०२५ पासून तो दर ४० टक्के झाला. ऱ्होड आयलंडची गोष्ट जशीच्या तशी इथे चिकटवणं बरोबर नाही, आपल्याकडे या धंद्यावर जगणारं असं गाव उभं राहिलेलं नाही. पण पैठणी असो, दागिने असोत की बोट, चैनीवर कर लावायची चर्चा निघेल तेव्हा तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. घेणारा थांबू शकतो का? त्याला कर नसलेली दुसरी वाट आहे का? आणि तो थांबला तर बनवणाऱ्याच्या घरात किती महिन्यांचं धान्य आहे? पहिले दोन प्रश्न १९९० साली वॉशिंग्टनमध्ये कुणी तरी विचारले असतीलही. तिसऱ्याचं उत्तर मात्र पोर्ट्समथमध्ये जाऊनच मिळालं असतं.

आता प्रश्न घेऊ.